नऊ भाऊबंदांचा हंगाम

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कोणीं न शिकवितां समजते. परका मनुष्य आपल्याशीं भांडला तर त्याचा घाव अंगरख्यावर पडतो. भाऊबंद भांडला तर त्याला दुखरी जागा नेमकी ठाऊक असते. त्यानें आपल्याला तापांत, रुसव्यांत, परीक्षेच्या आदल्या रात्रीं पाहिलेलें असतें. म्हणून भाऊबंदकी जितकी कडू, तितकीच ती माणसाला तयार करणारीही आहे. हा विचार पुष्कळ वर्षें आमच्या मनांत घोळत होता. परंतु तो पुरता उलगडला तो अमेरिकेतील नऊ कॉलेजांच्या बास्केटबॉलचा एका वर्षाचा हंगाम पाहून, असें सांगितलें तर वाचकांस नवल वाटेल.

ह्या खेळाची गोडी आमच्या घरांत आणली ती आमच्या पुतण्यानें. नोकरीनिमित्त तो न्यू जर्सीस असतो. तिकडील कॉलेजांच्या जुन्या सामन्यांचीं चित्रणें तो आम्हांस धाडीत असतो, व रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत तीं लावलीं जातात. आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, जन्मभर संस्कृताचे अध्यापक. त्यांस चेंडूचें प्रेम मुळींच नाहीं. तरी ते बसतात व प्रत्येक खेळाडूविषयीं एकच प्रश्न करितात, "हा पुढें पदवीधर झाला कीं नाहीं?" वहिनी विचारतात, "ह्याची आई कोठें बसली आहे?" मुलांचें लक्ष अर्थातच गुणफलकाकडे. असे तीन पिढ्यांचे तीन प्रश्न पुढें ठेवून आम्हीं जो हंगाम पाहिला, तो १९८४-८५ सालचा. आणि ज्या नऊ कॉलेजांचा तो होता, त्यांच्या गटाचें नांव बिग ईस्ट.

बास्केटबॉलचें जन्मस्थान व जन्मकाल दोन्ही ठाऊक आहेत. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें, हिवाळ्यांत चार भिंतींआड कोंडलेल्या विद्यार्थ्यांस कांहींतरी उद्योग असावा म्हणून, दहा फूट उंचीवरील सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या व तेरा नियम लिहून काढले. विद्यार्थ्यांसाठीं शिक्षकानें रचिलेला हा खेळ कॉलेजांत रुजला हें साहजिकच होय. अमेरिकेतील कॉलेजें आपापल्या सोयीनें गट करून राहतात. त्या गटास तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. गटांतील संघांनीं हिवाळाभरांत एकमेकांशीं झुंजावयाचें, कधीं आपल्या अंगणांत व कधीं दुसऱ्याच्या. मग मार्च महिन्यांत गटाची स्पर्धा, आणि तीनंतर साऱ्या देशाची.

बिग ईस्ट हा गट १९७९ सालीं डेव्ह गॅव्हिट ह्या गृहस्थांनीं जमविला. ते प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या संघाचे कोच होते. बोस्टन, न्यू यॉर्क, वॉशिंग्टन ह्यांसारख्या मोठ्या शहरांतील व त्यांच्या आसपासचीं कॉलेजें एकत्र आलीं, तर दूरचित्रवाणीवर त्यांस मोठा प्रेक्षकवर्ग लाभेल, हा त्यांचा हिशेब. आरंभीं सात कॉलेजें होतीं; १९८० त व्हिलानोव्हा आलें, १९८२ त पिट्सबर्ग आलें, आणि नऊ झालीं. नवांपैकीं सहा कॅथॉलिक संस्था. पण त्यांतही कोणी जेझुइटांची, कोणी डॉमिनिकनांची, कोणी ऑगस्टिनियनांची. धर्म एक आणि मठ निराळे, म्हणजे चुरशीला लागणारें सारें साहित्य घरांतच होतें. १९८३ पासून गटाची वार्षिक स्पर्धा न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या प्रसिद्ध क्रीडागृहांत होऊं लागली. कुलदैवताच्या जत्रेस जसे सारे भाऊबंद एका गांवीं जमतात, तसे हे नऊ संघ दरवर्षीं तेथें जमत.

त्या वर्षीं गटांतील तीन कोच विशेष गाजले. न्यू यॉर्कच्या सेंट जॉन्सचे लू कार्नेसेका व फिलाडेल्फियाजवळील व्हिलानोव्हाचे रोली मॅसिमिनो हे दोघे इटलीहून आलेल्या कुटुंबांतले, ठेंगणे, बोलके, सामना चालू असतां स्वस्थ न बसणारे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनचे जॉन थॉम्पसन ह्यांच्या अगदीं उलट. पावणेसात फुटांवर उंची, खांद्यावर पांढरा टॉवेल, आणि चेहऱ्यावर अशी गंभीर मुद्रा कीं वृत्तपत्रकारांनीं दूरच राहावें. १९८४ सालीं त्यांच्या संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. तें मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. त्यांच्या कचेरींत हवा गेलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असे. चेंडूंतली हवा एक दिवस जाणारच. ती गेल्यावर हातांत काय उरेल, हें विद्यार्थ्यांनीं रोज पाहावें, हा त्यांतील हेतु. हें ऐकल्यापासून दादा थॉम्पसन ह्यांचा उल्लेख "थॉम्पसन मास्तर" असाच करितात.

आतां हंगामाकडे वळूं. जॉर्जटाउन आदल्या वर्षाचें विजेतें; त्यास कोण अडविणार हाच प्रश्न होता. २६ जानेवारी १९८५ रोजीं सेंट जॉन्सनें त्यास त्याच्याच अंगणांत ६६-६५ असें एका गुणानें हरविलें. त्या महिन्यांत कार्नेसेका ह्यांनीं भडक रंगांचा, नजरेस बोचणारा एक स्वेटर घातला होता. तो घातल्यापासून संघ जिंकत राहिला, म्हणून त्यांनीं तो सोडलाच नाहीं. परीक्षेस जातांना एकच सदरा घालणारीं मुलें आमच्या घरांतही आहेत, तेव्हां ह्याला आम्ही हंसूं शकलों नाहीं. २७ फेब्रुवारीस गार्डनमध्यें दोघांची पुन्हां गांठ पडली. थॉम्पसन आले, आणि त्यांनीं आपल्या कोटाचीं बटणें सोडून दाखविलें तों आंत त्याच नक्षीचें वस्त्र! सारें गार्डन हंसलें, कार्नेसेकाही हंसले. मग जॉर्जटाउननें तो सामना ८५-६९ असा जिंकला.

गटाचे सोळा सोळा सामने संपले तेव्हां कोष्टकांत सेंट जॉन्स पहिलें होतें, १५ विजय व १ पराभव. जॉर्जटाउनचे १४ व २. व्हिलानोव्हा बरेंच खालीं, ९ व ७. तळाशीं सीटन हॉल, १६ पैकीं एकच विजय. परंतु गटाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत जॉर्जटाउननें सेंट जॉन्सला ९२-८० असें हरविलें, आणि पुढें राष्ट्रीय उपांत्य सामन्यांत ७७-५९ असें. सबंध वर्षांत सेंट जॉन्स चार सामने हरलें, त्यांपैकीं तीन एकट्या जॉर्जटाउनकडून. भावाला एकदां त्याच्या घरांत हरविलें म्हणजे तो तें विसरत नाहीं.

ह्या दोन संघांचे दोन नायक होते. सेंट जॉन्सचा ख्रिस मलिन हा ब्रुकलिनचा मुलगा, आणि जॉर्जटाउनचा सात फूट उंचीचा पॅट्रिक यूइंग. यूइंगचा जन्म १९६२ सालचा, जमेका बेटांतील किंग्स्टन येथला. आई डोरोथी आधीं अमेरिकेस गेली, इस्पितळांत काम करूं लागली, आणि मग एकेका मुलाला तिनें तिकडे नेलें. यूइंग खेळावयास आला कीं प्रतिपक्षाचे कांहीं प्रेक्षक केळ्याच्या साली फेंकीत, व "ह्याला वाचतां येत नाहीं" अशा अर्थाचे फलक उंचावीत. हे प्रेक्षक विद्यापीठांतले होते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. विद्या मिळाली म्हणून विनय येतोच असें नाहीं, हा अनुभव कोणत्याही एका देशाचा नव्हे. १९८३ त आई वारली. दुसऱ्या वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालें, व्यवसायी संघ लक्षावधि डॉलर घेऊन दारांत उभे राहिले; परंतु पदवी पुरी करीन असें वचन त्यानें आईस दिलें होतें. तो चौथें वर्ष राहिला, आणि १९८५ सालीं ललितकलेचा पदवीधर झाला. ही हकीकत ऐकतांना दादांचा व वहिनींचा प्रश्न एकाच उत्तरांत मिटला. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला; दादा कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आमच्या नातवाची रखडलेली वही आपण होऊन मागवून घेतली.

येथवर ही दोन थोरल्या भावांची कथा झाली. परंतु हंगामाचा शेवट धाकट्यानें केला. व्हिलानोव्हा जॉर्जटाउनशीं त्या हिवाळ्यांत दोनदां खेळलें व दोनदां हरलें. एकदां जादा वेळांत ५२-५० असें, एकदां ५७-५० असें. गटांतील अखेरच्या सामन्यांत तर पिट्सबर्गनें त्यांची ८५-६२ अशी वाताहत केली. तरी त्या वर्षीं राष्ट्रीय स्पर्धेंत प्रथमच ६४ संघ घेतले गेले, आणि त्यांत बिग ईस्टच्या नवांपैकीं सहांची वर्णी लागली. व्हिलानोव्हास आपल्या विभागांत आठवें मानांकन मिळालें. पहिल्याच सामन्यांत डेटन कॉलेजशीं, तेंही त्याच्याच अंगणांत, ते ५१-४९ असे कसेबसे वांचले. मग मिशिगन, मेरिलँड, नॉर्थ कॅरोलायना, मेम्फिस स्टेट अशा एकाहून एक बलाढ्य संघांस त्यांनीं थोडक्या गुणांच्या सामन्यांत नमविलें. चेंडू हातांत किती वेळ ठेवावा ह्याला त्या स्पर्धेंत बंधन नव्हतें. ४५ सेकंदांची मर्यादा पुढच्या हंगामांत आली. म्हणून घाई न करितां, चेंडू ह्या हातांतून त्या हातांत देत, खात्रीची संधि येईपर्यंत वाट पाहावयाची, हें त्यांचें तंत्र होतें.

१ एप्रिल १९८५ रोजीं केंटकीमधील लेक्झिंग्टन येथें अंतिम सामना झाला. उपांत्य फेरींतील चार संघांपैकीं तीन बिग ईस्टचे होते. अंतिम सामना तर दोन भावांचाच. सामान्य मत असें कीं जॉर्जटाउन सहज जिंकणार. पूर्वार्ध संपला तेव्हां व्हिलानोव्हा २९-२८ असें पुढें होतें. उत्तरार्धांत त्यांनीं टोपलीकडे दहाच वेळां चेंडू फेंकला, आणि नऊ वेळां तो आंत गेला. राखीव खेळाडूंपैकीं हॅरल्ड जेन्सन ह्यानें पांच नेम धरले, पांचही साधले. एड पिंकनी यूइंगसमोर निर्भयपणें उभा राहिला व स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. एकूण २८ नेमांपैकीं २२ लागले. जॉर्जटाउनचे नेम ५३ पैकीं २९, म्हणजे व्हिलानोव्हापेक्षां सात अधिक. परंतु दंडाच्या फेंकींवर जॉर्जटाउनला ६ गुण मिळाले, तर व्हिलानोव्हाला २२. शेवटीं व्हिलानोव्हा ६६, जॉर्जटाउन ६४.

आमच्या मुलांनीं विचारलें, "जो दोनदां हरला तो तिसऱ्यांदां असा कसा खेळला?" आमचें उत्तर असें कीं, दोनदां हरल्यामुळेंच. इतर संघ जॉर्जटाउनचें नांव ऐकून अर्धे गळून जात. व्हिलानोव्हानें त्यास दोनदां जवळून पाहिलें होतें. त्याचा वेग, त्याचा दरारा, त्याचा थकवा हीं सारीं त्यास परिचित होतीं. बलाढ्य भावाच्या शेजारीं नांदण्यांत जाच असतो, पण त्याची भीति मात्र उरत नाहीं.

त्या रात्रीचे दोन प्रसंग आम्हांस विजयाहून मोठे वाटतात. व्हिलानोव्हाच्या खेळाडूंची दुखापत-शुश्रूषा पुष्कळ वर्षें पाहणारे वृद्ध जेक नेव्हिन असाध्य विकारानें जर्जर होऊन चाकांच्या खुर्चींत बसून तेथें आले होते, आणि मुलांनीं त्यांस आपल्या आनंदांत मध्यभागीं ठेविलें. दुसरा प्रसंग असा कीं, विजेत्यांस मान दिला जात असतां जॉर्जटाउनचे खेळाडू उभे राहून टाळ्या वाजवीत होते. हरलेल्या मुलांस हें शिकविण्यासाठीं थॉम्पसन मास्तरांनीं किती वर्षें खर्चिलीं असतील! मात्र सारेंच गोड नव्हतें हेंही सांगितलें पाहिजे. त्या विजयी संघांतील एका खेळाडूनें आपण त्या दिवसांत कोकेनच्या आहारीं गेलों होतों अशी कबुली १९८७ सालीं एका नियतकालिकांत दिली. कुटुंब कितीही जवळचें असलें तरी शेजारच्या अंथरुणावरील माणसाचें दुःख दिसेलच असें नाहीं. मोठ्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनीं हें विसरूं नये.

हा हंगाम आमच्या घरीं इतका चर्चिला गेला ह्यास एक कारण होतें. आमचा वाडा जीर्ण झाला. तो पाडून नवा बांधण्याचें ठरलें, आणि त्याबरोबर वाटणीचा प्रश्न निघाला. तिघे बंधु, आणि तिघांची मिळकत सारखी नाहीं. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाची, म्हणजे त्याच न्यू जर्सीच्या पुतण्याची, एकट्याची कमाई बाकी साऱ्यांच्या बेरजेहून अधिक. पैसा ज्याचा जास्त त्याला जागा जास्त, असें कोणी म्हटलें नाहीं; पण तें न म्हटलेलें वाक्य कित्येक महिने जेवणाच्या पानांवर वाढलेलें होतें. आम्हांस भांडणाची भीति वाटत नव्हती. भीति वाटत होती ती हिशेबाच्या वहीची. कारण भांडण मिटतें, वही मिटत नाहीं.

अशा दिवसांत पुतण्यानेंच एकदां बिग ईस्टचें पुढें काय झालें तें सांगितलें. तें घरही फुटलें, आणि फुटलें तें मिळकतींतील फरकामुळें. अमेरिकेंत कॉलेजांच्या खेळांतील मोठा पैसा फुटबॉलमध्यें आहे. नवांपैकीं कांहींचा फुटबॉल मोठा, कांहींचा लहान, कांहींचा मुळींच नाहीं. फुटबॉलमध्यें प्रबळ असलेल्या पेन स्टेटला गटांत घेण्याची सूचना १९८२ सालीं एका मतानें फेटाळली गेली होती. पुढें फुटबॉलसाठीं नवे सभासद आले, गट फुगला, आणि मूळ नात्यांची वीण सैल झाली. बोस्टन कॉलेज २००५ त निघून गेलें. सिरॅक्यूज व पिट्सबर्ग २०१३ त गेलीं. त्याच वर्षीं जॉर्जटाउन, सेंट जॉन्स, व्हिलानोव्हा, प्रॉव्हिडन्स, सीटन हॉल व मागाहून आलेलीं दोन अशीं सात कॅथॉलिक कॉलेजें वेगळीं झालीं. निघून गेलेल्यांनीं भरलेल्या रकमेचा मोठा भाग त्यांनीं उरलेल्यांकडे राहूं दिला. आपल्याकडे दोनच गोष्टी घेतल्या, बिग ईस्ट हें नांव आणि गार्डनमधली वार्षिक स्पर्धा.

हें ऐकून दादा बराच वेळ स्वस्थ बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनीं देव्हारा घेतला आणि तिजोरी सोडली." त्यानंतरच्या रविवारीं आमची वाटणी झाली. चुली तीन झाल्या. त्याबद्दल आम्हांस खंत नाहीं, सुनांस आपापलें स्वयंपाकघर असावें हें योग्यच आहे. जागा सारख्या झाल्या. गौरीगणपति व श्राद्धपक्ष एकत्र राहिले, आणि त्यांचा खर्च कमाईच्या प्रमाणांत न ठेवितां तिघांनीं सारखा करावा असें ठरलें, म्हणजे कोणाचा उपकार कोणावर नाहीं. पुतण्याची त्यास आनंदानें संमति होती. धाकट्या बंधूंस थोडें जड गेलें असावें. पण त्यांनीं सही केली.

आतां कोणी विचारील कीं, बिग ईस्टनें केलें तें शहाणपणाचें ठरलें काय? पैशाच्या दृष्टीनें पाहतां फुटबॉलवाले गट आजही कितीतरी श्रीमंत आहेत. परंतु वेगळें झाल्यावर व्हिलानोव्हानें २०१६ व २०१८ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें. फुटबॉलसाठीं दुसरीकडे राहिलेलें कनेक्टिकट, जें मूळच्या सातांपैकीं एक, तें २०२० त परत आलें, आणि २०२३ व २०२४ अशीं दोन वर्षें त्यानेंही अजिंक्यपद पटकाविलें. मलिन व यूइंग दोघेही आपापल्या जुन्या कॉलेजांत कोच म्हणून परतले. कोच म्हणून त्यांचें यश खेळाडू म्हणून मिळविलेल्या यशासारखें नव्हतें, पण म्हातारपणाकडे झुकतांना पाय घराकडे वळले, ही गोष्ट लहान नव्हे.

गॅव्हिट २०११ त वारले, मॅसिमिनो २०१७ त, थॉम्पसन २०२० त. कार्नेसेका शंभरीस जेमतेम पांच आठवडे उरले असतां ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं गेले. त्यांच्या पश्चात् तीनच महिन्यांनीं, २०२५ च्या मार्चमध्यें, सेंट जॉन्सनें गटाच्या कोष्टकांत पुन्हां पहिलें स्थान मिळविलें. कोणाशीं वांटून न घेतां एकट्यानें मिळविलेलें तसें स्थान त्यापूर्वींचें म्हणजे १९८५ चेंच.

मग तो १९८५ चा हंगाम कोणाचा म्हणावा? कोष्टक म्हणतें सेंट जॉन्सचा, गार्डन म्हणतें जॉर्जटाउनचा, आणि देश म्हणतो व्हिलानोव्हाचा. आम्हांस वाटतें, ह्यांपैकीं एकालाही तो बाकीच्यांवांचून मिळाला नसता. कुटुंबाचा हिशेब असाच असतो. नांव एकाचें होतें, शिकविलेलें दुसऱ्याचें असतें, सोसलेलें तिसऱ्याचें. आणि सीटन हॉलसारखा जो सोळांपैकीं पंधरा वेळां हरतो, तोही दुसऱ्या वर्षीं पंगतीला आपल्या जागीं येऊन बसतो. त्याची जागा राखलेली असावी, एवढें पाहणें हेंच घराचें काम होय.